मांडीत गुडघा बसला तर काय करायचं: कबड्डीत नवीन आलेल्यांसाठी मुक्या माराची माहिती

कबड्डी खेळायला लागलात की पहिल्या दोन-चार महिन्यांत एकदा तरी कुणाचा तरी गुडघा तुमच्या मांडीत बसणार, हे धरूनच चला. कव्हरवाला (बचावात मधल्या भागात उभा असणारा) डॅश मारायला, म्हणजे अंगाने धडक देऊन बाहेर ढकलायला, धावत येतो, चढाईवाला ऐन वेळी वळतो आणि त्याचा गुडघा याच्या मांडीला पुढून नाहीतर बाहेरच्या बाजूने असा बसतो की पाय एकदम बधिर. किंवा चढाईवाल्याला चौघांनी दाबलं की खाली सापडलेल्या मांडीवर कुणाचं कोपर, कुणाची टाच, कुणाचं अख्खं ऐंशी किलो वजन येतं. कातडी फाटत नाही, रक्त दिसत नाही, हाड शाबूत असतं, म्हणून त्याला मुका मार म्हणतात आणि म्हणूनच कुणी फारसं मनावर घेत नाही.

मी बारा वर्षं मंडळाकडून कोपऱ्यावर खेळलो, आता संध्याकाळी पोरांची प्रॅक्टिस घेतो. मी डॉक्टर नाही, पण मांडीच्या मुक्या माराने माझं स्वतःचं एक आख्खं सीझन गेलंय आणि त्यानंतर या विषयावर जे जे समजून घेता आलं ते घेतलं, फिजिओंच्या मागे लागून लागून विचारलं. ते सगळं इथे क्रमाने लिहितोय, नवीन खेळाडूंसाठी, त्यांच्या आईवडिलांसाठी आणि मंडळात जो कोणी औषधांची पेटी सांभाळतो त्याच्यासाठी.

घाईत वाचत असाल तर एवढंच लक्षात ठेवा: मार लागल्या लागल्या गुडघा दुमडून ठेवायचा आणि पहिले दोन-तीन दिवस ती मांडी चोळायची नाही, शेकायची नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, पाय सरळ पसरतात आणि कुणीतरी मोठा माणूस प्रेमाने तेल घेऊन बसतो.

आत काय होतं

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायू आहेत, चौघे मिळून गुडघा सरळ करतात. त्यातला एक सगळ्यात खोल, अगदी हाडाला चिकटून असतो. बाहेरून गुडघा बसला की हा खोलवरचा स्नायू मधल्यामध्ये चिरडला जातो, समोर गुडघा आणि मागे मांडीचं हाड, जे शरीरातलं सगळ्यात मजबूत हाड आहे. पाट्यावर काही ठेवून वरवंटा मारावा तसंच. स्नायूचे धागे तुटतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि आतल्या आत रक्त साकळायला लागतं. स्नायू ताठ असेल तर तो थोडा मार झेलतो, सैल असताना बसला तर जास्त खोल जातो, म्हणून बेसावध क्षणी लागलेला मार जास्त महागात पडतो.

हे साकळलेलं रक्त दोन तऱ्हेने वागतं आणि हा फरक समजला की पुढचं बरंच सोपं होतं. कधी कधी ते दोन स्नायूंच्या मधल्या फटीत जातं. मग ते पसरतं, खाली उतरतं आणि दोन-तीन दिवसांनी गुडघ्याजवळ मोठा काळा-निळा डाग दिसतो. पोरं घाबरतात, "सर मार वर लागला होता आणि गुडघा काळा कसा पडला", पण हा त्यातल्या त्यात चांगला प्रकार, रक्ताला वाट मिळालेली असते, माणूस लवकर बरा होतो. दुसऱ्या प्रकारात रक्त स्नायूच्या आतच, त्याच्या आवरणात कोंडलं जातं. वर डाग फारसा दिसतच नाही, मांडी मात्र टणक होते, सूज दोन दिवसांनीही उतरत नाही आणि गुडघा वाकत नाही. हा जास्त वेळ खातो. म्हणून डाग किती मोठा आहे त्यावरून मार किती मोठा हे ठरवू नका, गुडघा किती वाकतो त्यावरून ठरवा.

आधी नक्की काय झालंय ते ओळखा

मैदानावर पोरगं मांडी धरून खाली बसलं की सगळे ओरडतात "गोळा आला, गोळा आला" आणि दोघं पळत जाऊन त्याचा पाय ओढायला लागतात. थांबा जरा. गोळा येणं वेगळं, स्नायू ओढला जाणं वेगळं आणि मुका मार वेगळा. गोळा आपोआप येतो, बहुतेक वेळा सामन्याच्या शेवटी, दमल्यावर, आणि ताण दिला की दोन-पाच मिनिटांत सुटतो. स्नायू ओढला जातो तेव्हा कुणी हात लावलेला नसतो, धावताना किंवा लांब पाय टाकताना एकदम चटका बसल्यासारखं होतं. मुका मार लागला असेल तर कुणाचं तरी काहीतरी आपटलेलं असतंच. म्हणून पोराला एकच प्रश्न विचारा, "कुणाचं काही लागलं का?" हो म्हणाला तर पुढचं सगळं लागू.

पहिली दहा मिनिटं

खेळ तिथेच थांबवायचा. हे सगळ्यात अवघड आहे कारण अंग गरम असतं, दुखणं अर्धंच जाणवतं आणि पोरगं म्हणतं "काय नाय झालं, पुढची चढाई मीच करतो". चालू ठेवलं तर आतलं रक्त वाहत राहतं, आणि लंगडणारा खेळाडू दुसरा मार चुकवू शकत नाही, त्याच जागी परत बसला तर मग आठवड्याचे महिने होतात. बदली खेळाडू त्याचसाठी असतात.

बाहेर आणताना दोन्ही खांद्यांना आधार द्या, त्या पायावर वजन देऊ नका. मग नीट बघा. मांडीचा आकार वाकडा दिसतोय का, एक पाय आखूड वाटतोय का, झोपून सरळ पाय जमिनीवरून उचलताच येत नाहीये का, गुडघ्याच्या वाटीच्या वर खड्डा लागतोय का? यातलं काहीही असेल तर वाकवत बसू नका, पाय आहे तसा फळी लावून स्थिर करा आणि थेट हॉस्पिटल, कारण तिथे हाड मोडलेलं किंवा स्नायूचा गुडघ्याकडचा भाग तुटलेला असू शकतो. खुब्याचं बघायलाही विसरू नका. शाळकरी मुलगा मार न लागताच मांडी नाहीतर गुडघा दुखतो म्हणत लंगडत असेल तर कधी कधी मूळ दुखणं खुब्यात असतं आणि ते लवकर सापडणं फार महत्त्वाचं असतं, डॉक्टरांना खुब्याचाही एक्स-रे काढायचा का ते विचारा.

तसं काही नसेल तर लगेच बर्फ आणि गुडघा दुमडणं, दोन्ही एकदमच.

गुडघा दुमडून ठेवणं

हा भाग मी थोडा सविस्तर लिहितो कारण आपल्याकडे हा जवळजवळ कुणालाच माहीत नाही आणि सगळ्यात जास्त फायदा याचाच आहे.

अमेरिकेत वेस्ट पॉइंटला लष्कराची अकादमी आहे, तिथली मुलं रग्बी, अमेरिकन फुटबॉल, ज्युडो असं सगळं अंगावर घेणारं खेळतात, त्यामुळे मांडीच्या मुक्या माराचा अभ्यास तिथे बरीच वर्षं चाललाय. आधी तिथेही पाय सरळ ठेवायचे, मग लक्षात आलं की सरळ ठेवला तर स्नायू आखूड अवस्थेतच भरून येतो आणि गुडघा परत वाकवायला आठवडे जातात. १९९१ साली त्यांनी जो अभ्यास छापला त्यात पहिले २४ तास पाय दुमडून ठेवायची पद्धत होती, आणि हलका मार असलेली मुलं सरासरी १३ दिवसांत, मध्यम १९ आणि जबर मार असलेली २१ दिवसांत पुन्हा तयार झाली. पुढे २००६ मध्ये छापलेल्या अभ्यासात अमेरिकेच्याच नौदल अकादमीतल्या डॉक्टरांनी मार लागल्यावर दहा मिनिटांच्या आत गुडघा १२० अंशात दुमडून २४ तास तसाच बांधून ठेवला, तर मुलं सरासरी साडेतीन दिवसांत खेळायला मोकळी झाली. आता ती मुलं तरुण, धडधाकट, डॉक्टर बाजूलाच उभा, हे सगळं खरं, आपल्या मैदानावर इतकं लवकर होईलच असं मी सांगणार नाही. पण दुमडून ठेवायला पैसा लागत नाही आणि फायदा मी आमच्याच पोरांमध्ये बघितलाय.

याचं कारण साधं आहे. गुडघा दुमडला की मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो, आतली जागा घट्ट होते आणि त्या दाबानेच रक्त वाहणं कमी होतं. शिवाय स्नायू लांब अवस्थेत भरायला लागतो.

करायचं कसं ते सांगतो. खेळाडूला पाठीवर झोपवा किंवा भिंतीला टेकून बसवा. गुडघा त्याला स्वतःला हळूहळू वाकवू द्या, तुम्ही जोर लावायचा नाही, टाच ढुंगणाकडे आणत जायची. ९० अंश म्हणजे खुर्चीवर बसल्यासारखा काटकोन, १२० म्हणजे त्याच्याही बरंच पुढे, टाच ढुंगणाच्या जवळ येते पण टेकत नाही. जिथपर्यंत नुसता ताण जाणवतो पण असह्य दुखत नाही तिथे थांबा. जेवढं जमेल तेवढं, ९० पर्यंतच गेलं तरी सरळ ठेवण्यापेक्षा बरं. मग मांडीच्या पुढे कापडात गुंडाळलेली बर्फाची पिशवी ठेवा आणि रुंद क्रेप बँडेजने, १५ सेंटिमीटरवालं घ्या, मांडी आणि नडगी एकत्र गुंडाळा, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं फिरवत. घट्ट हवं पण पायाची बोटं गार पडली, निळी झाली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडून सैल बांधायचं. दर अर्ध्या तासाला बोटं दाबून बघायची, दाबल्यावर पांढरी होऊन पटकन परत लाल झाली पाहिजेत.

अशा अवस्थेत चालता येत नाही हे उघड आहे. कुबड्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर उचलून न्या. रात्रीचे सामने संपल्यावर टेम्पोत उभं राहून घरी जायची पद्धत असते, मार लागलेल्या पोराला पुढे ड्रायव्हरजवळ बसवा, गुडघा दुमडून. झोपताना कुशीवर झोपवायचं, दोन पायांमध्ये उशी. चोवीस तास सलग अगदी जमणार नाही, शौचाला उठावं लागतं, बर्फ काढावा-लावावा लागतो, तेव्हा सोडून परत बांधा.

आणि बांधलेलं असताना दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललं, मांडी दगडासारखी ताठ लागतेय, तर ताबडतोब सोडा. का ते पुढे लिहिलंय, तो भाग चुकवू नका.

बर्फाबद्दल

बर्फ थेट कातडीवर लावायचा नाही, कातडी भाजल्यासारखी जळते, ओल्या पंचात गुंडाळा. १५ ते २० मिनिटं, मग काढायचा, दोन तासांनी परत. पहिले दोन दिवस जागेपणी जितक्या वेळा जमेल तितक्या. मैदानावर बर्फ कुठून आणायचा हा खरा प्रश्न असतो, तर सामन्याच्या ठिकाणी सरबताची गाडी असतेच, कोकणात मासळीवाल्यांकडे मिळतो, आणि काहीच नसेल तर दुकानातून पाच-सहा पेप्सीच्या गोठलेल्या कांड्या आणा, मांडीवर आडव्या लावायला त्या फार सोयीच्या पडतात. घरी फ्रीजमधलं मटारचं पाकीट चालतं. गार स्प्रे मारून पोरगं परत मॅटवर पाठवतात ते मला अजिबात पटत नाही, त्याने वरची कातडी बधिर होते, आतला रक्तस्राव जिथल्या तिथे राहतो आणि पोराला वाटतं बरं झालं.

घरी गेल्यावरची पहिली रात्र, आणि तेल

इथे माझं सांगतो. मी १९ वर्षांचा होतो, जिल्ह्याच्या स्पर्धेत उजव्या मांडीत गुडघा बसला, सामना पूर्ण खेळलो, जिंकलो पण. रात्री पाय सरळ पसरून झोपलो आणि घरातल्या एका मोठ्या माणसाने कोमट तेल घेऊन अर्धा तास जोर लावून चोळून दिलं, नंतर विटेचा शेक. त्यांच्या मनात माझ्याबद्दल माया सोडून दुसरं काही नव्हतं आणि त्या वेळी मलाही बरं वाटलं. सकाळी मांडी दीडपट झाली होती. तरी पुढचे आठ दिवस रोज चोळणं चालूच होतं, "साकळलेलं रक्त मोकळं होतं" म्हणून. तिसऱ्या आठवड्यात मांडीत हाताला लागेल अशी कडक गाठ आली, गुडघा जो ८० अंशापर्यंत वाकत होता तो परत ६० वर आला. एक्स-रे काढला तर मांडीच्या हाडाच्या पुढे ढगासारखं पांढरं काहीतरी दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, स्नायूत हाड तयार होतंय. पाच महिने मला उकिडवं बसता येत नव्हतं.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, पहिले ४८ ते ७२ तास या चार गोष्टी नकोत: शेक, दारू, धावणं आणि मालीश. शेकाने रक्तवाहिन्या रुंदावतात, दारूनेही, धावल्याने आणि चोळल्याने जिथे नुकती खपली धरायला लागलेली असते ती परत फुटते. गरम पाण्याने आंघोळसुद्धा त्या दोन दिवसांत मांडीवर नको. जिंकल्यावर पार्टी असते हे मलाही माहीत आहे, ज्याला मार लागलाय त्याला त्या रात्री बाजूला ठेवा.

आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप घरोघरी लावतात. माझं त्याच्याशी वैर नाही, कातडी फुटलेली नसेल आणि आजीला लावायचाच असेल तर गार लेप अलगद बोटाने लावू द्या, गरम करून नाही आणि घासून नाही, आणि बर्फाच्या ऐवजी नाही, बर्फ झाल्यावर. ऊब देणारी मलमं मात्र तीन दिवस कपाटातच राहू द्या.

दुखण्याच्या गोळीबद्दल: पहिले दोन दिवस साधी पॅरासिटामॉल. डिस्प्रिन अजिबात नको, त्यात अॅस्पिरिन असतं आणि त्याने रक्त गोठायला वेळ लागतो. बाकीच्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, त्यांचाही रक्त गोठण्यावर थोडाफार परिणाम असतो. मांडीत सुई घालून रक्त काढून देतो असं कुणी म्हणालं तर सोनोग्राफीची सोय असलेल्या डॉक्टरांशिवाय हात लावू देऊ नका, जंतू गेले तर मुक्या माराचं पू झालेलं गळू होतं.

थेट हॉस्पिटल गाठायचं ते कधी

मांडीचे स्नायू एका घट्ट आवरणात बसलेले असतात. आत रक्त खूपच साठलं तर दाब इतका वाढतो की स्नायूला रक्तपुरवठाच थांबतो. हे क्वचित होतं पण झालं तर काही तासांचा खेळ असतो, ऑपरेशन करून आवरण उघडावं लागतं. ओळखायचं असं: दुखणं माराच्या मानाने फारच जास्त, गोळी घेऊनही वाढतच जाणारं, मांडी ताठ चकचकीत, दुसऱ्याने गुडघा जरासा वाकवला तरी किंचाळायला होणं, पायात बधिरपणा किंवा मुंग्या. सकाळपर्यंत बघू म्हणू नका, रात्री दोनलाही न्या. आणि नेताना बँडेज सोडलेलं हवं, बर्फ काढलेला हवा.

अजून काही जणांना आधीपासूनच जास्त जपावं लागतं. कुणाला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार असेल, किंवा नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल आणि प्लेटलेट वर आल्याची खात्री झालेली नसेल तर साधा मारही मोठा होतो. पावसाळा संपता संपता डेंग्यू असतो आणि त्याच सुमारास आमच्याकडे प्रॅक्टिस जोरात सुरू होते, त्यामुळे मी पोरांना तापाचं आवर्जून विचारतो.

दुसऱ्या दिवशी मोजमाप

मार हलका की भारी हे त्याच वेळी कळत नाही, २४ ते ४८ तासांनी कळतं. पोराला पालथं झोपवा आणि दुखेल तिथे थांबायचं असं सांगून गुडघा स्वतःहून वाकवायला लावा. नडगी सरळ आभाळाकडे उभी राहिली म्हणजे ९० अंश. त्याच्या पुढे जात असेल तर हलका मार. ९० पर्यंत पोचत नसेल पण ४५ च्या वर असेल तर मध्यम, चालताना लंगडतोच. ४५ पण होत नसेल, म्हणजे टाच जेमतेम उचलली जातेय, तर जबर, हा नक्की डॉक्टर आणि फिजिओकडे गेलाच पाहिजे. गुडघ्यात पण पाणी झाल्यासारखी सूज आली असेल तर तीही गंभीर खूण समजा.

हे माप वहीत लिहा, तारीख टाकून. शाळेची पट्टी घेऊन टाच आणि ढुंगण यातलं अंतर मोजलं तरी चालतं, चांगल्या पायाचंही मोजा म्हणजे तुलना होते. रोज मोजायचं. अंतर रोज कमी होत असेल तर बाकी काय दिसतंय त्याची काळजी करू नका. वहीतला आकडा उलटा जायला लागला की मात्र थांबायचं, तो तुम्हाला कुठल्याही गाठीच्या आधी सांगतो की काहीतरी बिघडतंय.

तिसऱ्या दिवसापासून

आता हालचाल सुरू, पण नियम एकच, दुखणं न वाढवता. आधी सगळ्यात सोपं: पाय पसरून बसा, गुडघ्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवा आणि मांडीचा स्नायू आवळून टॉवेल दाबा, पाच-सहा सेकंद, सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. मग झोपून सरळ पाय वीतभर उचलणं. पालथं झोपून टाच स्वतःच्या ताकदीने ढुंगणाकडे नेणं. दुसऱ्याने धरून ओढायचं नाही, मित्र मंडळी "अजून थोडं, अजून थोडं" करत जोर लावतात त्याने आतलं परत फाटतं.

गुडघा ९० ते १०० अंश सहज वाकायला लागला की सायकल, सीट उंच ठेवून, सपाट रस्त्यावर. मग अर्ध्या बैठका, मग पायरी चढणं-उतरणं (उतरताना जास्त दुखतं, ते साहजिक आहे). पाण्यात चालायला मिळालं तर फार छान, विहिरीत नाहीतर तलावात पोहणाऱ्या पोरांनी कमरेएवढ्या पाण्यात चालावं, उड्या टाकायच्या नाहीत.

कुबड्या कधी सोडायच्या? न लंगडता चालता आलं की. लंगडत चालण्यापेक्षा दोन दिवस काठी जास्त वापरलेली बरी, कारण लंगडायची सवय लागली की मग कंबर आणि दुसरा गुडघा दुखायला लागतो. साधारण हलका मार आठवड्या-दोन आठवड्यांत, मध्यम तीनेक आठवड्यांत आणि जबर महिनाभर किंवा जास्त, पण दिवस मोजून परत पाठवू नका, मांडी काय सांगतेय ते बघा.

परत मॅटवर कधी

मी पोराला आधी उकिडवं बसायला सांगतो, टाचा टेकवून, पूर्ण. चांगल्या पायासारखं बसता आलं आणि न धरता उठता आलं तर पुढे. मग मार लागलेल्या एकट्या पायावर बैठक. मग सरळ धावणं, आधी अर्ध्या वेगाने, मग पूर्ण. त्यानंतर कबड्डीचंच: बोनस रेषेवर पाय टाकून झटकन मागे, पुढे झेप घेऊन मध्यरेषेकडे परतणं, कोपऱ्यावरून घोट्याला सूर. हे सगळं एकट्याने, कुणी अंगावर न येता. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी सुजली नाही, माप मागे गेलं नाही, तरच साखळीत (हात धरून बचाव करणाऱ्यांत) आणि पकडीत घ्यायचं. हात लावून मांडी दुखत असेल तर तो अजून तयार नाही, मग फायनल असो की अजून काही. फायनलसाठी म्हणून मांडीत सुई मारून उतरवायला तयार असणारे लोक असतात, आईवडिलांनी तिथे ठाम नाही म्हणावं.

परत आल्यावर काही आठवडे मांडीला पॅड घालून खेळवा, चड्डीच्या आत बसणारी फोमची जाड पॅडवाली चड्डी मिळते. घसरणारं पॅड नको, मार बसतो तेव्हा ते बाजूला गेलेलं असतं. स्पर्धेत घालायचं असेल तर पंचांना आधी दाखवून घ्या.

ती गाठ

वेस्ट पॉइंटच्या त्याच अभ्यासात ११७ पैकी ११ जणांच्या स्नायूत हाड तयार झालं होतं, म्हणजे दर शंभरात नऊच्या आसपास, तेही चांगले उपचार मिळून. गुडघा १२० अंशापर्यंत न वाकणं, त्याच मांडीला आधी मार लागलेला असणं, गुडघ्यात सूज असणं आणि उपचार सुरू करायला तीन दिवसांपेक्षा उशीर होणं, या गोष्टी असलेल्यांना धोका जास्त दिसला. यातल्या उशिराच्या बाबतीत तरी आपल्या हातात बरंच आहे.

संशय कधी घ्यायचा तर दोन-तीन आठवडे झाले, बरं होत होतं आणि अचानक वाकणं कमी झालं, रात्री ठणकतंय, मांडीत कडक गाठ लागतेय. एक्स-रेमध्ये साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दिसतं, सोनोग्राफीत त्याच्या आधी. असं निघालं तर घाबरू नका. मालीश आणि जोराचे स्ट्रेच पूर्ण बंद, हलका व्यायाम चालू, फिजिओच्या नजरेखाली. बऱ्याच जणांची गाठ महिन्यांनी आपोआप लहान होते आणि काहींची राहिली तरी त्रास देत नाही. माझी अजून आहे, बोटाला लागते, खेळलो तरी नंतर सात वर्षं. ऑपरेशनची वेळ क्वचित येते आणि तेही गाठ पूर्ण पिकल्यावर, सहा महिने ते वर्षाने, घाई करून काढली तर परत येऊ शकते.

पेटीत काय ठेवायचं

आमच्या मंडळाच्या पेटीत या मारासाठी म्हणून १५ सेंटिमीटरची चार क्रेप बँडेज, दोन जुने स्वच्छ पंचे, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, पॅरासिटामॉल, एक शिंप्याची टेप आणि मापाची वही असते. तेलाची बाटली आम्ही काढून टाकली. कुबड्यांची एक जोडी मंडळाच्या खोलीत दाराच्या मागे उभी असते, गावात कुणालाही लागली तर घेऊन जातात. सामन्याला निघताना बर्फाचा डबा भरला का हे विचारायची जबाबदारी आम्ही एका राखीव खेळाडूला दिलीय, दर वेळी वेगळ्याला, म्हणजे दोन सीझनमध्ये सगळ्यांनाच बँडेज बांधता यायला लागतं.